तांबं कळकतं, म्हणून जंतू मरतो

"ताक पितळेच्या पातेल्यात ठेवू नकोस, कळकेल." मराठी घरात वाढलेल्या बहुतेकांनी हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. आंबट पदार्थ तांब्या-पितळेच्या भांड्यात राहिला की त्याला हिरवट झाक येते, चव बिघडते आणि तो तसाच पोटात गेला तर मळमळ ठरलेली. म्हणून तर कल्हईवाल्याचा धंदा चालायचा. तापलेल्या भांड्यात नवसागर टाकून कथलाचा पातळ थर फिरवला की आतला धातू झाकला जातो आणि भांडं कळकायचं थांबतं.

याच घरांत दुसरंही एक वाक्य असतं. "रात्री तांब्याच्या भांड्यात पाणी भरून ठेवावं आणि सकाळी प्यावं, शुद्ध असतं." म्हणजे एकच धातू ताक बिघडवतो आणि पाणी शुद्ध करतो! ऐकायला दोन्ही गोष्टी उलट वाटतात. पण केमिस्ट्रीच्या दृष्टीने ही एकच घटना आहे. धातूचे अणू भांडं सोडून आयनच्या रूपात बाहेर पडतात. ताकात ते भरपूर पडतात म्हणून आपल्याला त्रास होतो. पाण्यात अगदी थोडे पडतात, आपल्याला कळतही नाहीत, पण जंतूला पुरतात.

आज बाजारात "अँटिबॅक्टेरिअल कोटिंग"च्या नावाखाली जे काही मिळतं, त्यात दाराच्या मुठी, नळ, लिफ्टची बटणं, फ्रिजचे गास्केट, रंगाचे डबे असं सगळं आलं. त्यातला धातूवर आधारलेला भाग या एकाच घटनेवर उभा आहे. ही घटना नीट समजली तर कुठलं कोटिंग खरं काम करतं आणि कुठलं नुसतं स्टिकर आहे, हे आपल्याला स्वतःला ओळखता येतं. या लेखाचा उद्देश तेवढाच.

प्रश्न किती मोठा आहे?

माणूस हॉस्पिटलमध्ये बरा व्हायला जातो आणि तिथेच नवा जंतुसंसर्ग घेऊन येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार, श्रीमंत देशांत हॉस्पिटलमध्ये दाखल झालेल्या दर १०० रुग्णांपैकी ७ जणांना, तर गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना असा किमान एक संसर्ग होतो. अशा रुग्णांपैकी साधारण दहातला एक दगावतो. आपला देश दुसऱ्या गटात मोडतो, हे वेगळं सांगायला नको.

संसर्गाच्या वाटा अनेक आहेत, पण त्यातली एक अगदी साधी आहे. एकाचा हात खाटेच्या कठड्याला लागतो, तिथे जंतू राहतो, आणि तासाभराने दुसऱ्याचा हात तिथेच लागतो. कठडा, सलाईनचा स्टँड, नळाची तोटी, दाराची मूठ या सगळ्या वस्तू हल्ली स्टेनलेस स्टीलच्या असतात. स्टील चकचकीत दिसतं, पुसायला सोपं असतं, गंजत नाही. म्हणून ते स्वच्छ, असं आपण धरून चालतो.

इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ साली ही समजूत तपासली. अनेक अँटिबायोटिकना दाद न देणारा "एमआरएसए" नावाचा जंतू त्यांनी वेगवेगळ्या धातूंच्या तुकड्यांवर ठेवला. २२ अंश सेल्सिअसला, म्हणजे खोलीच्या तापमानाला, स्टेनलेस स्टीलवर तो ७२ तासांनंतरही जिवंत होता. शुद्ध तांब्यावर त्याच्या तीन जाती ४५ ते ९० मिनिटांत संपल्या.

तीन दिवस विरुद्ध दीड तास! हॉस्पिटलची फरशी आणि कठडे दिवसातून एकदा-दोनदा पुसले जातात. मधल्या तासांत पृष्ठभागाने स्वतःच काही काम केलं तर हवंच आहे, ही या सगळ्या कोटिंगमागची मूळ कल्पना.

जुनी गोष्ट, नवे पुरावे

या परिणामाला शास्त्रीय नाव दिलं ते कार्ल फॉन नेगेली या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने. पाण्यात तांब्याचा अतिशय सूक्ष्म अंश असला तरी स्पायरोगायरा नावाचं शेवाळ मरतं, हे त्याने पाहिलं. त्याचा हा अभ्यास त्याच्या मृत्यूनंतर १८९३ साली प्रसिद्ध झाला. त्याने वापरलेला शब्द होता "ऑलिगोडायनॅमिक". ग्रीक भाषेत ऑलिगोस म्हणजे थोडं आणि डायनॅमिस म्हणजे शक्ती. थोडक्यात, थोडक्यातली ताकद.

पुढे अँटिबायोटिक आली आणि हा विषय मागे पडला. तो पुन्हा वर आला तो एका साध्या निरीक्षणातून. १९८३ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये फिलिस कून या संशोधिकेने दारांच्या मुठींवरचे जंतू तपासले. पितळेच्या मुठींवर जंतूंची वाढ तुरळक, तर स्टेनलेस स्टीलच्या मुठींवर दाट. मग त्यांनी धातूंच्या पट्ट्यांवर मुद्दाम जंतू लावून पाहिले. पितळेची पट्टी सात तासांच्या आत स्वतःच जंतुमुक्त झाली आणि नुकतीच घासलेली पट्टी तर एका तासात. चिंच लावून पितळ लख्ख घासणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना हे वाचून आनंद झाला असता.

तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याचा अभ्यास बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केला. कॉलरा, हगवण, विषमज्वराच्या कुळातले जंतू मुद्दाम मिसळलेलं पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवल्यावर त्यात जिवंत जंतू सापडले नाहीत. पाण्यात उतरलेलं तांबं होतं लिटरला सुमारे ०.१८ मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा आहे लिटरला २ मिलिग्रॅम. म्हणजे मर्यादेच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी. ऑलिगोडायनॅमिक म्हणतात ते हेच.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. भांड्यातल्या पाण्याला १६ तास लागले, पण तांब्याच्या कोरड्या तुकड्यावर जंतू तासा-दीड तासात मेले. धातू तोच, मग वेळेत एवढा फरक का?

धातू जंतूला मारतो कसा?

टप्प्याटप्प्याने पाहू.

पहिला टप्पा म्हणजे आयन सुटणं. हाताला थोडा घाम असतो, हवेत थोडा दमटपणा असतो. कोरड्या दिसणाऱ्या पृष्ठभागावरही पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा असतो. हवेतला ऑक्सिजन आणि हे पाणी यांच्या संगतीत तांब्याचा अणू एक किंवा दोन इलेक्ट्रॉन गमावतो आणि धन भाराचा आयन होऊन बाहेर पडतो. ही सरळसरळ कॉरोजनची प्रक्रिया आहे. आपण सेमिस्टरभर ज्या कॉरोजनला शिव्या घालतो, तेच इथे औषध आहे.

दुसरा टप्पा पापुद्र्याचा. जंतूच्या बाहेरच्या आवरणावर एकूण ऋण भार असतो, त्यामुळे धन आयन तिकडे ओढले जातात. जंतूच्या पेशीचा पापुद्रा ही नुसती पिशवी नसते. त्याच्या आत आणि बाहेर शे-दीडशे मिलिव्होल्टचा फरक असतो आणि या व्होल्टेजवर पेशीचं ऊर्जेचं कारखानदारी काम चालतं. इलेक्ट्रिकलच्या मुलांनी त्याला चार्ज झालेला कपॅसिटर समजावं. आयनमुळे पापुद्र्यातली चरबी ऑक्सिडाइज होते, त्याला भोकं पडतात, आतलं पोटॅशिअम बाहेर गळतं आणि व्होल्टेज कोसळतं. कपॅसिटरचं डायइलेक्ट्रिकच फुटलं म्हणा ना.

तिसरा टप्पा आतला. पेशीत शिरलेला तांब्याचा आयन दोन उद्योग करतो. एक म्हणजे काही महत्त्वाच्या एन्झाइममध्ये लोखंड आणि गंधक यांची जोडणी असते, त्यातल्या लोखंडाला तो हुसकावून लावतो आणि ते एन्झाइम बंद पडतं. दुसरं म्हणजे पेशीत नेहमीच थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत असतं. तांब्याचा एक धन भाराचा आयन त्याला एक इलेक्ट्रॉन देतो आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतं. हे रॅडिकल इतकं आक्रमक असतं की जवळ जे सापडेल त्याची मोडतोड करतं. इलेक्ट्रॉन दिलेला आयन पेशीतल्याच दुसऱ्या रेणूकडून इलेक्ट्रॉन परत मिळवतो आणि पुन्हा कामाला लागतो. एक आयन अनेकदा वापरला जातो, म्हणजे तो कॅटॅलिस्टसारखा वागतो. थोडं तांबं पुरतं याचं एक कारण हे आहे.

चौथा टप्पा म्हणजे डीएनएची मोडतोड. मेलेल्या जंतूचा डीएनए तुकडे तुकडे झालेला आढळतो. याचा एक फायदा असा की जंतू मरताना आपली रेझिस्टन्सची जनुकं शेजाऱ्याला देऊन जाण्याची शक्यता कमी होते.

यातला कुठला टप्पा जीव घेतो आणि कुठला नंतर होतो, यावर संशोधकांत वाद आहे. कोरड्या पृष्ठभागावर पापुद्रा आधी फाटतो, असं मानणारे बरेच आहेत. पण एका मुद्द्यावर फार सुंदर प्रयोग झाला आहे, तो सांगतो.

जर्मनीच्या सारलँड विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी २०१३ साली तांब्याच्या पृष्ठभागावर पॉलिमरची जाळी तयार केली. जाळीची भोकं जंतूच्या आकाराहून लहान. म्हणजे ओलावा खाली जाईल, आयन वर येतील, पण जंतूचं अंग तांब्याला टेकणार नाही. काय झालं? जंतू मरण्याचं प्रमाण एकदम घटलं. आयन होते, स्पर्श नव्हता. मग त्यांनी उलटं केलं. नुसत्या लोखंडावर जंतू ठेवले, ते मेले नाहीत. त्यात वरून तांब्याचे आयन घातले, तेव्हा मात्र ते मरू लागले. म्हणजे नुसते आयन पुरेसे नाहीत आणि नुसता धातूचा स्पर्शही पुरेसा नाही. आयन आणि स्पर्श या दोन्हींची जोडी लागते. इंग्रजीत याला "काँटॅक्ट किलिंग" हेच नाव आहे.

आता मघाचं कोडं सुटतं. भांड्यातल्या पाण्यात बहुतेक जंतू तरंगत असतात, तांब्याच्या भिंतीला टेकलेले नसतात. तिथे काम फक्त विरळ आयन करतात, म्हणून १६ तास. कोरड्या तुकड्यावर जंतू थेट धातूवर बसलेला असतो, म्हणून तासा-दीड तासात निकाल.

एक छोटा हिशोबही करून पाहा. तांब्याच्या एका घनसेंटीमीटरमध्ये साधारण ८.५ गुणिले १० चा २२ वा घात इतके अणू असतात. कोटिंग १० मायक्रॉन जाडीचं आहे आणि जंतूने एक चौरस मायक्रॉन जागा व्यापली आहे असं धरलं, तर त्या एका जंतूच्या खाली सुमारे ८५ हजार कोटी अणू येतात. मालाचा तुटवडा कधीच नसतो! अडचण असते ती माल बाहेर पडण्याची आणि गिऱ्हाइकापर्यंत पोहोचण्याची. कोटिंगचं सगळं इंजिनिअरिंग या दोन अडचणींभोवती फिरतं.

मग स्टील का नाही? सोनं का नाही?

स्टेनलेस स्टीलच्या अंगावर क्रोमिअम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर आपोआप तयार होतो. त्याला आपण पॅसिव्ह फिल्म म्हणतो. तो आतल्या अणूंना बाहेर येऊ देत नाही, म्हणून स्टील गंजत नाही. आणि आयन बाहेर येत नाहीत, म्हणूनच त्यावर जंतूही निवांत राहतो. स्टीलचा गुण तोच इथे त्याचा दोष ठरतो.

सोन्याचं म्हणाल तर ते इतकं "खानदानी" आहे की इलेक्ट्रॉन सोडायलाच तयार नाही. सोनं कळकत नाही, म्हणून मारतही नाही. उलट टोकाला पारा, कॅडमिअम, शिसं. हे जंतूला मारतील, पण आपल्यालाही सोडणार नाहीत. तांबं मध्ये बसतं. आयन पुरेसे सोडतं, आणि माणसाच्या शरीराला तांबं अत्यल्प प्रमाणात हवंच असल्याने जास्तीचं तांबं यकृतामार्फत बाहेर टाकण्याची सोय शरीरात आहे. शिवाय आपल्या त्वचेवर मृत पेशींचा जाड थर असतो. एका पेशीच्या जंतूला असं चिलखत नाही.

चांदीचं प्रकरण जरा नाजूक आहे. चांदीचा आयन जंतूच्या प्रथिनांतल्या गंधकाला घट्ट चिकटतो आणि ती प्रथिनं निकामी करतो. ओल्या जागी चांदी उत्तम काम करते. भाजलेल्या जखमेवर लावायचं सिल्व्हर सल्फाडायझिन हे मलम १९६८ पासून वापरात आहे, आणि जखम ओली असते. पण दाराची मूठ कोरडी असते. चांदी कोरड्या हवेत सहजासहजी ऑक्सिडाइज होत नाही, त्यामुळे आयन सुटतच नाहीत. साउदॅम्प्टनच्या त्याच गटाने भाग घेतलेल्या २००९ सालच्या अभ्यासात, चांदी असलेल्या कोटिंगने ९० टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत जंतूंची संख्या लाखपटीने खाली आणली. तेच कोटिंग २० अंश तापमान आणि २० टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेला ठेवलं, तर निम्मे जंतूसुद्धा मेले नाहीत. तांब्याचे मिश्रधातू मात्र दोन्हीकडे चालले.

९९.९ टक्के म्हणजे नक्की काय?

वरचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण बाजारातल्या बऱ्याच कोटिंगवर जे सर्टिफिकेट असतं ते जपानच्या "जेआयएस झेड २८०१" किंवा तिच्यावरून आलेल्या "आयएसओ २२१९६" या चाचणीचं असतं. या चाचणीत नमुन्यावर जंतूंचं द्रावण टाकतात, वरून प्लॅस्टिकची फिल्म झाकतात, आणि ३५ अंश तापमानाला, ९० टक्क्यांच्या वर आर्द्रतेत २४ तास ठेवतात. चाचणी खोटी नाही. दोन कोटिंगची तुलना करायला ती चांगली आहे. पण दाराची मूठ अशी दिवसभर ओल्या फिल्मखाली गुंडाळलेली असते का? पावसाळ्यातल्या कोकणातसुद्धा नाही. आणि २४ तासांत त्या मुठीला किती हात लागून गेलेले असतील!

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे "ईपीए"ने, २००८ साली तांब्याच्या मिश्रधातूंना जंतुनाशक म्हणून नोंदणी दिली, तेव्हा वेगळी कसोटी लावली होती. दोन तासांत ९९.९ टक्के जंतू मेले पाहिजेत. शिवाय मधे न पुसता २४ तासांत आठ वेळा नव्याने जंतू लावले तरी परिणाम टिकला पाहिजे. घन पृष्ठभागाला असा सार्वजनिक आरोग्याचा दावा करायची परवानगी मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

आता ९९.९ या आकड्याकडे इंजिनिअरच्या नजरेने पाहू. मायक्रोबायॉलॉजीत हे "लॉग" मध्ये मोजतात. ९० टक्के म्हणजे एक लॉग, ९९ म्हणजे दोन, ९९.९ म्हणजे तीन. दहा लाख जंतूंतून ९९.९ टक्के मेले तरी १,००० उरतात. अनुकूल परिस्थितीत, म्हणजे ऊब, ओल आणि खाणं मिळालं तर, ई. कोलाय दर २० मिनिटांना दुप्पट होतो. दहा वेळा दुप्पट म्हणजे १,०२४ पट. म्हणजे उरलेले १,००० जंतू २०० मिनिटांत, साडेतीन तासांच्याही आत, पुन्हा दहा लाख! कोरड्या मुठीवर एवढी वाढ होत नाही हे खरं, पण अन्नाचा कण, रक्ताचा डाग, ओलसर सिंक असेल तर होते. म्हणून "एकदा कोटिंग केलं, आता पुसायची गरज नाही" असं जो म्हणेल त्याला हा हिशोब दाखवावा.

थर द्यायचा कसा?

आख्खी मूठ तांब्याची करणं महाग आणि जड. म्हणून स्टील किंवा प्लॅस्टिकवर पातळ थर. त्याचे मार्ग अनेक आहेत.

सगळ्यात ओळखीचा मार्ग इलेक्ट्रोप्लेटिंगचा. समजा मुठीचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटीमीटर आहे आणि १० मायक्रॉन जाडी हवी. घनफळ झालं ०.१ घनसेंटीमीटर. तांब्याची घनता ८.९६, म्हणजे साधारण ०.९ ग्रॅम तांबं. अणुभार ६३.५, प्रत्येक अणूला दोन इलेक्ट्रॉन. फॅरडेच्या नियमाने लागणारा चार्ज सुमारे २,७२० कूलॉम. दोन अँपिअर करंट दिला तर १,३६० सेकंद, म्हणजे जवळपास २३ मिनिटं. एक ग्रॅमपेक्षा कमी तांबं आणि एका लेक्चरच्या निम्मा वेळ! मात्र स्टीलचा तुकडा थेट कॉपर सल्फेटच्या बाथमध्ये बुडवू नका. लोखंड लगेच तांब्याला द्रावणातून बाहेर काढतं आणि भुसभुशीत थर बसतो, तो नखाने निघतो. आधी निकेलचा "स्ट्राइक" थर द्यावा लागतो. स्टेनलेसच्या बाबतीत तर ती पॅसिव्ह फिल्म आधी मोडावीच लागते.

दुसरा मार्ग स्प्रेचा. धातू वितळवून फवारतात किंवा "कोल्ड स्प्रे"मध्ये धातूची पूड न वितळवता अतिवेगाने पृष्ठभागावर आदळवतात. इथे मेटलर्जीच्या मुलांसाठी एक गंमत आहे. २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन वेगवेगळ्या स्प्रे पद्धतींनी तांब्याचे थर देऊन त्यांची तुलना केली. धातू तोच, जंतू तोच. कोल्ड स्प्रेचा थर इतरांपेक्षा कितीतरी प्रभावी ठरला. संशोधकांनी दिलेलं कारण असं, की जोरात आदळल्यामुळे थरात डिसलोकेशन खूप तयार होतात आणि त्या वाटांनी आयन लवकर बाहेर येतात. डिसलोकेशन म्हटलं की आपल्याला स्ट्रेंथ आठवते. ती जंतूही मारू शकते, हे पुस्तकात नसतं.

तिसरा मार्ग रंग आणि पावडर कोटिंगचा. झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजात चांदीचे आयन भरून ते रंगात मिसळतात. ओल आली की सोडिअमचे आयन आत जातात आणि चांदीचे बाहेर येतात, वॉटर सॉफ्टनरमध्ये असतं तसं आयन एक्स्चेंज. स्वस्त आहे, कुठल्याही रंगात होतं. पण बहुतेक कण रंगाच्या पोटात गाडलेले राहतात, आणि ओल नसेल तर काम थांबतं.

आणि आता कल्हईची आठवण काढा. कल्हई भांड्याला कळकू देत नाही, कारण ती आयनची वाट बंद करते. पितळेच्या फॅन्सी मुठी बाजारातून आणल्या की त्या काळ्या पडू नयेत म्हणून त्यांच्यावर पारदर्शक लॅकर मारलेलं असतं. लॅकर म्हणजे न दिसणारी कल्हईच! अशी मूठ दिसते पितळेची, पण जंतूच्या दृष्टीने ती प्लॅस्टिकची. म्हणूनच ईपीएची अट होती की या पृष्ठभागांवर मेण, रंग, लॅकर, वॉर्निश काहीही चढवायचं नाही. कोविडच्या काळात लिफ्टच्या बटणांवर तांब्याच्या नावाने चिकटवलेल्या फिल्मनाही हाच प्रश्न विचारायला हवा होता: तांबं वरच्या पृष्ठभागावर उघडं आहे, की प्लॅस्टिकच्या आत आहे? उघड्या तांब्यावर कोरोनाचा विषाणू चार तासांनंतर जिवंत सापडला नाही आणि प्लॅस्टिक-स्टीलवर तो तीन दिवसांपर्यंत सापडला, हा २०२० सालचा प्रयोगशाळेतला निकाल खराच आहे. पण तो उघड्या तांब्याचा.

धुळीचं आणि तेलकट थराचंही तेच. रक्त, शेंबूड, अन्न यांतली प्रथिनं आयनला वाटेतच पकडतात. त्यामुळे तांब्याचा कठडाही पुसावाच लागतो. हवेने आलेला लालसर-तपकिरी रंग मात्र तसा निरुपद्रवी असतो. त्या ऑक्साइडमधूनही आयन सुटतात.

जंतू गप्प बसतात का?

अँटिबायोटिक बहुधा पेशीतल्या एका ठरावीक जागेवर हल्ला करतं, ती जागा जंतूने बदलली की औषध वाया. धातू एकाच वेळी अनेक जागी घाव घालतो, त्यामुळे त्यातून सुटणं अवघड. अवघड, पण अशक्य नाही. ई. कोलायकडे तांबं बाहेर फेकणारे पंप आहेत. कोट्यवधी वर्षं मातीत राहिलेल्या जीवाला धातूंची ओळख असणारच. १९७५ साली अमेरिकेत बॉस्टनच्या एका हॉस्पिटलच्या जळित विभागातून सिल्व्हर नायट्रेटला दाद न देणारा साल्मोनेला सापडल्याची नोंद प्रसिद्ध झाली. ती जनुकं प्लाझमिडवर होती, म्हणजे एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारी. तांब्याचं प्रमाण जास्त असलेल्या युरोपियन नाण्यांवरूनही तांब्यावर तग धरणारे जंतू वेगळे काढले गेले आहेत.

म्हणून चांदीचा उगाच सगळीकडे वापर, मोज्यांत चांदी, कंगव्यात चांदी, वॉशिंग मशीनमध्ये चांदी, हे शहाणपणाचं नाही. जिथे जळलेल्या रुग्णाचा जीव त्यावर अवलंबून आहे तिथे ती चालली पाहिजे. मोज्याचा वास थोडा आला तरी कुणी मरत नाही.

हॉस्पिटलमध्ये खरंच फरक पडतो का?

प्रयोगशाळेत जंतू मरणं वेगळं आणि रुग्ण वाचणं वेगळं. अमेरिकेतल्या तीन हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागांत काही खोल्यांमधल्या खाटेचे कठडे, सलाईनचे स्टँड, टेबलं अशा सहा वस्तू तांब्याच्या मिश्रधातूने मढवल्या. ६१४ रुग्णांच्या या अभ्यासाचा निकाल २०१३ साली आला. साध्या खोल्यांत ८.१ टक्के रुग्णांना हॉस्पिटलमधला संसर्ग झाला, तांब्याच्या खोल्यांत ३.४ टक्के. निम्म्याहून कमी!

पण लगेच टाळ्या वाजवू नका. रुग्णांची संख्या लहान होती, आणि तांबं डोळ्यांना दिसतं, त्यामुळे कुठली खोली "खास" आहे हे कर्मचाऱ्यांपासून लपवता येत नाही. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत एवढा फरक दिसला नाही. चिलीमध्ये लहान मुलांच्या अतिदक्षता विभागांतल्या २०१६ सालच्या अभ्यासात फरक होता, पण तो संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. प्रामाणिक निष्कर्ष असा की, तांब्याच्या पृष्ठभागावर जंतू कमी राहतात हे पक्कं. त्यामुळे संसर्ग किती कमी होतो, याचं उत्तर जागेनुसार बदलतं. ईपीएनेही दावा मंजूर करताना बजावलं होतं की हे नेहमीच्या स्वच्छतेला पूरक आहे, पर्याय नाही.

विकत घेण्यापूर्वी पाच प्रश्न

उद्या आपल्यापैकी कुणी हॉस्पिटलचं फर्निचर डिझाइन करेल, कुणी परचेसमध्ये बसेल, कुणी घरासाठी नळ घेईल. "९९.९ टक्के जंतू मारतो" अशी पाटी दिसली की एवढं विचारा.

एक, धातू कोणता आणि तो पृष्ठभागावर उघडा आहे का, की रंग-लॅकरच्या आत?

दोन, चाचणी कोरडी होती की ओली? तापमान आणि आर्द्रता किती?

तीन, किती वेळात? दोन तास आणि २४ तास यांत दाराच्या मुठीच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

चार, वारंवार हात लागून, फिनाइल-ब्लीचने पुसून थर किती दिवस टिकतो?

पाच, तिथे धातूची खरंच गरज आहे का, की साबण-पाण्याने भागेल?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा "भागेल" असंच येईल. आणि जिथे भागणार नाही, तिथे प्लेटिंग लॅबमधला बाथ आणि शेजारच्या सायन्स कॉलेजचा मायक्रोबायॉलॉजी विभाग यांची गाठ घालून द्या. जंतूंची हाताळणी त्यांच्या लॅबमध्ये, त्यांच्या देखरेखीखालीच करायची. त्यांच्याकडे जंतू मोजायची सोय आहे, आपल्याकडे थर द्यायची. स्थानिक हवेत, स्थानिक पाण्याने पुसल्यावर, मे महिन्यात आणि जुलैमध्ये तोच थर किती लॉग मारतो, हे मोजून पाहण्यासारखा फायनल इयरचा प्रोजेक्ट दुसरा नाही. परदेशातल्या एअर कंडिशन्ड खोलीतले आकडे आपल्या वॉर्डला लागू पडतात का, हे आपल्याच वॉर्डच्या हवेत तपासावं लागेल.